कर्क फेरेंट्झ बदलत नाहीत, ते हट्टापायी की हिशेबापायी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नोकरीनिमित्त सीडर रॅपिड्सला आलात, मुलगी आयोवा सिटीला शिकते, त्यामुळे आयोवा विद्यापीठाच्या किनिक स्टेडियमला अमेरिकन फुटबॉल पाहायला जाणं होतं. टीव्हीवर बाकीच्या टीम हवेतून खेळतात, चाळीस-पन्नास गुण करतात. आणि आपल्याकडे रन (चेंडू घेऊन धावणं), रन, तीन यार्डांचा पास (चेंडू पुढे फेकणं), की लगेच पंट, म्हणजे लाथेने चेंडू समोरच्याला देऊन टाकणं. आयोवाचे मुख्य कोच कर्क फेरेंट्झ यांच्यासारखा अनुभवी माणूस पंचवीस वर्षांहून जास्त काळ एकाच पद्धतीचा ऑफेन्स, म्हणजे चढाईचा खेळ, का चालवतो? हट्ट, आळस, की नवं शिकायचं वय उलटून गेलं म्हणून? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की धाकटा हायस्कूलच्या टीममध्ये रिसीव्हर (पास झेलणारा) आहे, त्याचा कोचही याच वळणाचा आहे, तर त्याच्याशी बोलावं का.

मी कोल्हापूरचा. इंजिनिअर म्हणून इकडे आलो, नोकरी अजून तीच आहे, पण बरीच वर्षं संध्याकाळी मिडवेस्टमधल्या एका हायस्कूलमध्ये ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे समोरच्यांना अडवणारी पुढची फळी, शिकवतो. हिवाळ्यात कॉलेजच्या कोचेसची क्लिनिक असतात, तिथे जाऊन बसतो, त्यांचे व्हिडिओ पाहतो, वाद घालतो. म्हणजे मी जे लिहितोय ते लाइन शिकवणाऱ्याच्या नजरेतून. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, खेळ चालवणारा खेळाडू) शिकवणारा कोच याच प्रश्नाचं उत्तर थोडं वेगळं देईल. शिवाय कुठली टीम, तिच्याकडे कुठली मुलं, तिचा डिफेन्स (बचाव) कसा, वरच्या लोकांचा धीर किती, यावर बरंच काही अवलंबून आहे.

आधी एक गाठ सोडवू. ऑफेन्स जुना असणं आणि ऑफेन्स चालत नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रेक्षक वैतागला की त्या एकत्र होतात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मिशिगनची टीम पेन स्टेटच्या मैदानावर खेळत होती. त्या सामन्यात मिशिगनने सलग ३२ प्ले रन केले. दुसऱ्या हाफमध्ये त्यांच्या नावावर अधिकृतपणे एकही पास नाही. २४-१५ जिंकले आणि त्याच मोसमात १५-०, म्हणजे पंधरा विजय आणि शून्य पराभव, अशा हिशेबाने राष्ट्रीय विजेते झाले. यापेक्षा जुन्या वळणाचा खेळ शोधून सापडणार नाही. तरी त्यांना कोणी 'बदला' म्हटलं नाही. तेव्हा नुसत्या जुनेपणावर राग धरू नका.

आता फेरेंट्झ. हा माणूस मुळात ऑफेन्सिव्ह लाइनचा कोच. ऐंशीच्या दशकात हेडन फ्राय यांच्या हाताखाली आयोवात लाइन शिकवली, पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्येही तेच काम केलं, आणि १९९९ मध्ये मुख्य कोच म्हणून परत आले. पहिलं वर्ष १-१०, दुसरं ३-९. आजच्या काळात इतक्यावर घरी पाठवतात. विद्यापीठाने थांबायचं ठरवलं. २००२ मध्ये तीच टीम ११-२ झाली आणि बिग टेन या आपल्या कॉन्फरन्समध्ये (विद्यापीठांच्या गटात) एकही सामना हरली नाही. आपल्या पद्धतीवर लोकांचा विश्वास उडाला असताना ती धरून ठेवली आणि ती फळाला आली, हा अनुभव ज्याच्या गाठीशी आहे त्याला पुढे वीस वर्षं कोणी 'जमाना बदललाय' म्हटलं, तर त्याच्या कानात १९९९ सालचेच आवाज घुमणार. यात अहंकार थोडा असेल, पण त्याहून मोठा भाग स्वतःच्या आयुष्यातल्या पुराव्याचा आहे.

आणि पुरावा खोटा नव्हता. आयोवाकडे ओहायो स्टेटसारखी मुलं येत नाहीत. राज्याची लोकसंख्या लहान, हवामान कडक. मग त्यांनी काय केलं? ज्यांच्याकडे मोठ्या विद्यापीठांनी पाहिलं नाही अशी उंच, दणकट, कष्टाळू मुलं घेतली आणि चार-पाच वर्षं घडवली. रॉबर्ट गॅलरी टाइट एंड (समोरच्याला अडवणारा आणि पासही झेलणारा) म्हणून आला, टॅकल (लाइनच्या टोकाचा खेळाडू) झाला, आणि २००४ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएलच्या खेळाडू-निवडीत) दुसऱ्या क्रमांकावर गेला. टॅकल ट्रिस्टन वर्फ्स तर तुमच्या शेजारच्या माउंट व्हर्ननचा. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये टी. जे. हॉकन्सन आणि नोआ फँट हे आयोवाचे दोन टाइट एंड पहिल्याच फेरीत गेले. ही सगळी मंडळी त्या 'जुनाट' ऑफेन्समधून घडली, कारण त्या ऑफेन्सला असेच खेळाडू लागतात. उद्या चार रिसीव्हर पसरवणारा स्प्रेड आणला, तर ज्या मुलांना टेक्सास आणि फ्लोरिडातल्या विद्यापीठांनी आधीच उचललंय त्याच मुलांसाठी आयोवाला रांगेत उभं राहावं लागेल. कोच हे बोलून दाखवत नाहीत, पण त्यांच्या डोक्यात ते पक्कं असतं.

दुसरा हिशेब डिफेन्सचा. फिल पार्कर २०१२ पासून तिथले डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर आहेत, आणि २०२३ मध्ये देशातल्या सर्वोत्तम सहायक कोचला मिळणारा ब्रॉयल्स पुरस्कार त्यांना मिळाला. त्या मोसमात आयोवाने सामन्याला पंधराहून कमी गुण दिले. असा डिफेन्स हाताशी असला की मुख्य कोचच्या मनात साधं गणित उभं राहतं: समोरच्याला पंधरा, म्हणजे मला सोळा पुरेत. मग चेंडू गमावायचा नाही, धोका पत्करायचा नाही, अडलं तर पंट मारून समोरच्याला त्याच्या गोल लाइनजवळ ढकलायचं. त्यांचा पंटर टोरी टेलर मेलबर्नचा. २०२३ मध्ये त्याने ४,४७९ यार्डांचे पंट मारले आणि १९३८ पासूनचा विक्रम मोडला. त्याआधी २०२२ चा पहिला सामना आठवतो का? साउथ डकोटा स्टेटविरुद्ध आयोवा ७-३ ने जिंकली, एकही टचडाउन (चेंडू गोल लाइनपार नेणं) न करता: एक फील्ड गोल (तीन गुण) आणि दोन सेफ्टी (डिफेन्सने मिळवलेले दोन-दोन गुण). प्रेक्षकांनी कपाळाला हात लावला. पण कोचच्या वहीत तो विजय म्हणूनच नोंदला गेला.

२०२३ मध्ये आयोवाचा ऑफेन्स यार्डांच्या हिशेबात देशात शेवटचा होता, सामन्याला २३५ यार्डांच्या आसपास, गुण १५.४. तरी टीम दहा सामने जिंकली. एखादा माणूस दहा सामने जिंकत असताना त्याला 'तुझी पद्धत चुकली' हे पटवून देणं फार कठीण. हरणारा कोच बदलतो, कारण त्याच्यापुढे दुसरा रस्ता नसतो. जेमतेम जिंकणाऱ्याला बदलायचं कारणच दिसत नाही.

पण या हिशेबात एक भोक आहे, आणि माझा खरा आक्षेप तिथे आहे. धोका टाळणारा खेळ बरोबरीच्या आणि दुबळ्या टीमसमोर चालतो. तुमच्याहून वरचढ टीमसमोर तो तुम्हाला जिंकायची संधीच देत नाही. २०२३ च्या बिग टेन अंतिम सामन्यात मिशिगनसमोर आयोवा ०-२६. महिन्याभराने सिट्रस बोलमध्ये टेनेसीसमोर ०-३५. दोन टचडाउनने मागे पडलं की परत येण्याचं कुठलंही साधन त्या टीमकडे नव्हतं. दुबळ्याने खेळ लहान करावा, समोरच्याच्या हाती चेंडू कमी वेळा जाऊ द्यावा, हे बरोबरच आहे. पण हातात आलेला चेंडू पंट मारून सोडून दिला, तर खेळ लहान करून मिळवलेला फायदा तुम्ही स्वतःच परत करता.

आर्मीकडे पाहा म्हणजे फरक कळेल. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीची ही टीम ट्रिपल ऑप्शन (तिघांपैकी कोणी चेंडू घेऊन धावायचं हे खेळता खेळता ठरवणं) खेळते, म्हणजे फेरेंट्झ यांच्याहूनही जुना ऑफेन्स. त्यांच्या लाइनमधली मुलं लहान चणीची, कारण ती पुढे सैन्यात अधिकारी होणार आहेत. तीही चेंडू घेऊन घड्याळ संपवतात. पण चौथ्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चारपैकी शेवटच्या प्रयत्नाला) दोन यार्ड हवे असले तर सरळ खेळतात, पंट मारत नाहीत. दर डाउनला तीन-साडेतीन यार्ड मिळत असतील आणि चारही डाउन वापरायचं आधीच ठरलेलं असेल, तर दहा यार्ड ही अवघड गोष्ट राहत नाही. दोन्ही टीम हळू खेळतात. एक त्या संथपणाचा हत्यार म्हणून वापर करते, दुसरी त्याच्या आडोशाला बसते. २०२४ मध्ये आर्मी १२-२ झाली आणि आपली कॉन्फरन्स जिंकली.

आता मैदानावर येऊ, कारण बदलाची खरी किंमत टीव्हीवर दिसत नाही. फेरेंट्झ यांचा आवडता प्ले आउटसाइड झोन, म्हणजे सगळी लाइन एका बाजूला सरकते आणि त्या कडेने धावायचं. उजव्या बाजूला धावायचं असलं की उजव्या टॅकलने पहिलं पाऊल उजव्या पायाने आडवं, किंचित मागे घ्यायचं. पुढे नाही, आडवं. नवीन मुलगा प्रत्येक वेळी पुढे पाऊल टाकतो, कारण समोर माणूस आहे आणि त्याला ढकलायचंय असं त्याला वाटतं. त्याला सांगावं लागतं: तुझं डोकं त्याच्या पलीकडच्या काखेपाशी पोचलं पाहिजे. पोचलास तर त्याला आत कोंड. नाही पोचलास आणि तो बाहेर पळाला, तर त्याला तसाच आणखी बाहेर रेटत ने, आपला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) आतून कापेल. दरम्यान सेंटर आणि गार्ड (लाइनच्या मधले खेळाडू) दोघं मिळून समोरच्या डिफेन्सच्या एका टॅकलला धरतात, पण डोळे मागच्या लाइनबॅकरवर (डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतल्या माणसावर). तो ज्या बाजूने सरकेल त्या बाजूच्याने सुटून त्याच्यावर जायचं. कोणी सुटायचं हे आधी ठरत नाही. खांद्याला खांदा लागलेला असतो, त्या दाबावरून कळतं. हे अंगात भिनायला ऑगस्टचा अख्खा महिना जातो. समोरचा डिफेन्स पुढच्या फळीत तीनच माणसं लावून उभा राहिला की पुन्हा सगळं नव्याने.

कॉलेजमध्ये मोसमात सरावाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे, आणि त्यात व्हिडिओ, वजनं, बैठका सगळं आलं. लाइनच्या वाट्याला येणारा वेळ फार थोडा. एखादा नवीन प्ले आणला की जुन्यातलं काहीतरी कमी घोटलं जातं. म्हणून लाइन कोच स्वभावानेच नव्याला सावध असतो, मीही आहे. 'आणखी चार पास प्ले टाका ना' म्हणणं सोपं. ते चार प्ले टिकवायला पाच जणांनी पास प्रोटेक्शन शिकायचं असतं, आणि चुकलं की मार क्वार्टरबॅक खातो.

तरीही मी आजच्या बदलांच्या बाजूने आहे. का, ते सांगतो. आजच्या कॉलेज फुटबॉलचा गाभा म्हणजे आरपीओ, रन-पास ऑप्शन. लाइन रनसाठी ब्लॉक करते, म्हणजे समोरच्यांना अडवते. एक लाइनबॅकर मुद्दाम मोकळा सोडायचा. क्वार्टरबॅकची नजर त्याच्यावर. तो रन थांबवायला पुढे आला, तर त्याने सोडलेल्या जागेत पास. तो मागेच राहिला, तर चेंडू रनिंग बॅककडे. त्या एका माणसाने काहीही केलं तरी तो चुकणार. कॉलेजचे नियमही याला अनुकूल आहेत: पास सुटण्याआधी लाइनमधली मुलं तीन यार्डांपर्यंत पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये एकच यार्ड. शिवाय कॉलेजात हॅश मार्क (चेंडू ठेवायच्या खुणांच्या मैदानावरच्या दोन रांगा) एकमेकांपासून ४० फूट लांब, त्यामुळे चेंडू एका हॅशवर असला की मैदानाची दुसरी बाजू भली मोठी उघडी पडते. हे फायदे नियमपुस्तकाने सगळ्यांना दिलेत. ते न घेणं म्हणजे दर शनिवारी समोरच्याला सूट देऊन खेळायला उतरणं.

आता गंमत बघा. एका माणसाला ब्लॉकच न करता त्याच्या हालचालीवरून निर्णय घ्यायचा, ही कल्पना ट्रिपल ऑप्शनमध्ये साठच्या दशकापासून आहे. म्हणजे आर्मीचा जुना ऑफेन्स आणि आजचा आरपीओ एकाच घरातले. मधल्या काळचा, आय-फॉर्मेशनचा (क्वार्टरबॅकमागे दोन खेळाडू एका रेषेत), सगळं स्नॅपच्या (चेंडू खेळात येण्याच्या) आधी ठरवून टाकणारा रनचा खेळ तेवढा वेगळा. माझ्या मते अनेक जुने कोच ज्याला विरोध करतात ते पास नव्हेतच. स्नॅप झाल्यानंतरचा निर्णय वीस वर्षांच्या मुलाच्या हाती द्यायला त्यांची तयारी नसते. साइडलाइनवरून प्ले पाठवला, तो तसाच घडला, तर चूक कोणाची ते स्पष्ट असतं. आरपीओत मुलाने चुकीचं वाचलं की चेंडू थेट समोरच्याच्या हातात. ज्या कोचने सगळं आयुष्य 'चेंडू सांभाळा' हे शिकवण्यात घालवलं, त्याच्यासाठी हे पोटात गोळा आणणारं आहे. मला त्याची भीती समजते. पण तीच मुलं वर्षभरात काय वाचायला शिकतात ते मी जवळून पाहिलंय, आणि त्यांच्यावर भरवसा टाकायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आयोवाच्या बाबतीत याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, ती टाळून चालणार नाही. २०१७ ते २०२३ ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते ब्रायन फेरेंट्झ, म्हणजे कर्क यांचेच चिरंजीव. नात्यागोत्याच्या नियमामुळे ते कागदोपत्री वडिलांना नव्हे, तर ॲथलेटिक डायरेक्टरला उत्तरदायी होते. ऑफेन्स घसरल्यावर २०२३ च्या सुरुवातीला त्यांचा पगार ५० हजार डॉलरने कमी करून करारात अट घातली: सामन्याला सरासरी २५ गुण आणि किमान सात विजय. त्या २५ मध्ये डिफेन्सने केलेले गुणही धरले जात होते, म्हणजे ज्याचं मोजमाप करायचं ते नीट मोजलंही जात नव्हतं. ऑक्टोबरच्या शेवटी हंगामी ॲथलेटिक डायरेक्टर बेथ गोएट्झ यांनी मोसम संपल्यावर ब्रायन राहणार नाहीत असं जाहीर केलं. बाप-लेकाच्या नात्यावर मला काही म्हणायचं नाही. पण ज्या खोलीत मुख्य कोचला 'हे चालत नाहीये' असं परखडपणे सांगणारं कोणी उरत नाही, तिथे पद्धत जुनी असो की नवी, ती सडते. क्वार्टरबॅक घडत नव्हते, लाइन पूर्वीसारखी राहिली नव्हती, आणि दुखापतींनीही गाठलं. दोष आउटसाइड झोनचा नव्हता.

तुम्ही म्हणाल, मग सरळ नवीन माणूस आणून सगळं का बदलत नाहीत? कारण तसं केलेल्यांचे हाल सगळ्या कोचेसना पाठ आहेत. नेब्रास्काने कोच टॉम ऑसबोर्न यांच्या काळात ऑप्शन खेळून नव्वदच्या दशकात तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. २००३ मध्ये नियमित मोसमात ९-३ असूनही पुढचे कोच फ्रँक सोलिच यांना काढलं आणि एनएफएलमधून बिल कॅलाहन यांना आणून वेस्ट कोस्ट ऑफेन्स (छोट्या पासांचा खेळ) बसवला. पुढच्याच वर्षी ५-६, १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा मोसम. त्या विद्यापीठाला ती जुनी उंची आजपर्यंत परत गाठता आलेली नाही. मिशिगनने २००८ मध्ये स्प्रेडवाले रिच रॉड्रिगेझ आणले. पहिलं वर्ष ३-९. विस्कॉन्सिन म्हणजे अगडबंब लाइन आणि रन, हे समीकरण; तिथे २०२३ मध्ये फिल लाँगो यांचा एअर रेडच्या (बहुतेक पास खेळणाऱ्या पद्धतीच्या) घराण्यातला ऑफेन्स आणला आणि २०२४ चा मोसम संपायच्या आत त्यांना जावं लागलं. खुद्द आर्मीनेही २०२३ मध्ये क्वार्टरबॅकला मागे शॉटगनमध्ये उभं करून ऑप्शन 'आधुनिक' करून पाहिला, ६-६ झाले, आणि पुढच्या वर्षी परत क्वार्टरबॅक सेंटरमागे आला. ते १२-२ चं वर्ष हेच. या सगळ्यात मुलं एका खेळासाठी आणलेली आणि खेळवायचा दुसराच, हा घोळ झाला. लाइनची अंगकाठी वेगळी लागते, टाइट एंडचं करायचं काय हा प्रश्न उभा राहतो, आणि रोज सरावात अशा पसरलेल्या ऑफेन्ससमोर उभा राहणारा स्वतःचाच डिफेन्सही मऊ पडतो.

नीट बदललेल्याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे अलाबामाचे निक सेबन. २०१२ मध्ये ते भर पत्रकारांसमोर विचारत होते की हडल (प्लेआधीचा घोळका) न करता असा भराभर चालणारा खेळ हेच आपल्याला फुटबॉल म्हणून हवंय का. २०१४ च्या सुरुवातीला हा वेग कमी करणाऱ्या नियमाच्या प्रस्तावालाही त्यांचा पाठिंबा होता. तो प्रस्ताव बारगळला. पण त्या वर्षीच्या जानेवारीत त्यांनी लेन किफिन यांना ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून घेतलं होतं. म्हणजे मनाने विरोध आणि हाताने तयारी, दोन्ही एकाच हिवाळ्यात. वय बासष्ट, खात्यात अलाबामाची तीन विजेतेपदं, बदलायची कोणाचीही सक्ती नाही. त्यांनी आपली शिस्त, आपला सराव, आपला डिफेन्स जागच्या जागी ठेवला आणि ऑफेन्सची खोली दुसऱ्याच्या ताब्यात दिली. २०२० मध्ये स्टीव्ह सार्किझियन यांच्या हाताखाली तोच अलाबामा सामन्याला ४८ हून जास्त गुण करून १३-० ने विजेता झाला.

एलएसयूचंही (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) लक्षात ठेवा. तिथे जुने कोऑर्डिनेटर स्टीव्ह एन्समिंगर यांना काढलं नाही. २०१९ मध्ये त्यांच्या शेजारी न्यू ऑर्लिन्स सेंट्समधून आलेला तरुण जो ब्रेडी बसवला. आदल्या वर्षी १६ टचडाउन पास टाकलेल्या क्वार्टरबॅक जो बरोने त्या वर्षी ६० टाकले, आणि टीम १५-०. साठी ओलांडलेल्या एका कोचने आपल्या अर्ध्या वयाच्या माणसाशी एकच वही वाटून घेतली, ही मला त्या मोसमातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. त्या ६० टचडाउनहून मोठी.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते तुमच्या राज्याचं आहे. ज्या एअर रेडने सगळ्या देशाचा खेळ बदलला तो टेक्सासमध्ये नाही, आयोवा सिटीपासून तासाभराच्या अंतरावर माउंट प्लेझंटला जन्माला आला. १९८९ मध्ये आयोवा वेस्लियन या छोट्याशा कॉलेजात हॅल ममी कोच झाले आणि त्यांनी माइक लीच नावाच्या, वकिली शिकलेल्या माणसाला हाताशी धरलं. मोजके प्ले, तेच पुन्हा पुन्हा, आणि जवळपास सगळे पास. ते कॉलेज हरून हरून थकलेलं होतं. गमावण्यासारखं काही नव्हतं म्हणून हे करता आलं. इतक्या जवळ ही आग पेटली असताना किनिकपर्यंत तिची धग पोचली नाही, याचं कारण मी वर लिहिलंच आहे: तिथे गमावण्यासारखं बरंच होतं. आयोवा वेस्लियन २०२३ मध्ये कायमचं बंद झालं. तिथून जाल तेव्हा थांबून एकदा ते आवार पाहून घ्या.

तर कोच खरंच अडून बसलाय का हे ओळखायचं असेल तर मी फॉर्मेशन पाहत नाही. मी पाहतो की त्याच्या ऑफेन्समुळे डिफेन्सच्या एखाद्या तरी माणसाला दोन मनांत पडावं लागतं का. चौथ्या डाउनला एक-दोन यार्ड हवे असताना तो काय करतो. आणि त्याच्या स्टाफमध्ये त्याच्या परंपरेबाहेरून आलेला कोणी आहे का. तिन्हींचं उत्तर नकारार्थी आलं, तर तो अडलाय, मग तो कितीही जिंकत असो.

आयोवाने २०२४ मध्ये ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून टिम लेस्टर यांना आणलं. त्यांनी आउटसाइड झोन काढला नाही. स्नॅपच्या आधी रिसीव्हर आणि टाइट एंड सतत आडवे हलवायला सुरुवात केली, म्हणजे लाइनबॅकरला पाऊल उचलण्याआधी विचार करावा लागतो. रनिंग बॅक केलेब जॉन्सन १,५३७ यार्ड धावला, त्यात २१ टचडाउन. पासिंग तेव्हाही कमकुवतच होतं, पण सरासरी गुण २७ च्या पुढे गेले. पुढच्या वर्षासाठी त्यांनी क्वार्टरबॅक आणला मार्क ग्रोनॉव्स्की, तोही साउथ डकोटा स्टेटमधून. त्या ७-३ च्या सामन्यात समोर उभा होता तो हाच. फेरेंट्झ सत्तरीला टेकले असताना हे झालं. तेव्हा 'बदलत नाहीत' हे आता पूर्ण खरं राहिलेलं नाही.

आता तुमच्या धाकट्याचं. कॉलेजचा कोच खेळाडू निवडून आणतो, हायस्कूलच्या कोचला वस्तीत जी मुलं आहेत तीच मिळतात. त्या वर्षी चेंडू नीट फेकणारा मुलगा नसेल तर विंग-टी किंवा तसला रनचा खेळ हाच शहाणपणाचा असतो. त्यामुळे 'तुम्ही पास का खेळत नाही' असं विचारू नका. तो प्रश्न प्रत्येक रिसीव्हरचे आई-बाप विचारतात आणि कोचचा चेहरा तिथेच बंद होतो. सामन्याच्या रात्री तर अजिबात बोलू नका. मोसम संपल्यावर वेळ मागून घ्या, मुलाला बरोबर न्या, आणि बोलणं शक्यतो त्यालाच करू द्या. त्याने विचारावं: रन प्लेमध्ये माझं ब्लॉकिंग तुम्हाला कसं वाटतं? उन्हाळ्यात सेव्हन-ऑन-सेव्हन (लाइनशिवाय, फक्त पासचा खेळ) खेळायला गेलो तर कुठल्या रूटवर (पास झेलायला धावायच्या वाटेवर) काम करू? पुढच्या वर्षीचा क्वार्टरबॅक कोण, त्याच्याबरोबर आत्तापासून सराव केला तर चालेल का?

यातला ब्लॉकिंगचा प्रश्न पहिला ठेवा. रनवर चालणाऱ्या टीममध्ये रिसीव्हरने कॉर्नरबॅकला (समोरच्या कडेच्या बचावपटूला) अडवून ठेवलं तरच दहा यार्डांचा रन चाळीसचा होतो, आणि कोच व्हिडिओ लावतो तेव्हा पहिल्यांदा तेच पाहतो. जो मुलगा चेंडू येणार नाही हे माहीत असतानाही शिट्टी वाजेपर्यंत ब्लॉक सोडत नाही, त्याच्यासाठी कोच स्वतःहून दोन पास प्ले लिहितो. आमच्याकडे असे प्ले दरवर्षी लिहिले जातात. उत्तर काय मिळालं ते जरूर कळवा, आणि तो कुठला ऑफेन्स खेळतो हे सांगितलंत तर कुठले रूट आधी घोटायचे तेही सांगतो.